न तापवता बाटलीतले बीजाणू कसे आवरायचे: पेय-उद्योगात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

सोलकढी उकळली की फुटते. शहाळ्याचं पाणी तापवलं की त्याचा ताजेपणा जातो आणि शिजलेल्या खोबऱ्यासारखी चव येते. उसाचा रस तापला की गुळाकडे झुकतो. मुंबईत छोट्या प्रमाणावर पेयं बाटलीत भरून विकू पाहणारे बहुतेक जण म्हणूनच एक प्रश्न विचारतात: उष्णता न देता हे टिकवता येईल का?

काही पदार्थांच्या बाबतीत येईल. पण यंत्रं विकणारे ‘नॉन-थर्मल’ म्हणून जे काही दाखवतात, त्यातलं बरंचसं साध्या जिवाणूंना मारतं, त्यांच्या बीजाणूंना नाही. हा फरक लक्षात न घेता यंत्र घेतलं तर पैसे बुडतात, आणि पदार्थ कमी आंबट असेल तर पिणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून या लेखात यंत्रं मागाहून येतील. आधी आपला पदार्थ नीट ओळखायचा आहे.

१. शत्रू कोण, ते समजून घ्या

बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या गटांतले जिवाणू अन्न संपलं की बीजाणू, म्हणजे कठीण काळ काढायचं सुप्त रूप, तयार करतात. गाभ्यातलं पाणी बरंचसं निघून जातं आणि तिथे कॅल्शियम व डायपिकोलिनिक आम्ल साठतं. डीएनएला छोटी प्रथिनं चिकटून त्याचं रक्षण करतात. त्याभोवती कॉर्टेक्सचा जाड थर आणि वर प्रथिनांचं कवच असतं. आत जगण्याची कुठलीच हालचाल चालू नसते, त्यामुळे अनेक विषांना तिथे बिघडवण्यासारखं काही सापडत नाही. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह १२१ अंश सेल्सिअसवर १५ मिनिटं चालवतात तो यांच्यासाठीच. दुधाच्या पाश्चरीकरणात हे मरत नाहीत.

बुरशीचे बीजाणू वेगळे. त्यातले बहुतेक पाश्चरीकरणाच्या तापमानालाच मरतात. फळांच्या रसात सापडणारी बिसोक्लॅमिस ही बुरशी मात्र अपवाद आहे, तिचे काही बीजाणू ८५ अंशांनाही टिकतात. प्रयोगशाळेच्या अहवालात नुसतं ‘स्पोअर’ लिहिलं असेल तर जिवाणूंचे की बुरशीचे, हे विचारून घ्या.

हे सगळे येतात मुख्यतः मातीतून: उसाच्या कांड्यावरून, नारळाच्या करवंटीवरून, अंगणात वाळत घातलेल्या कोकमावरून. धुण्याकडे दुर्लक्ष करून पुढे महागडं यंत्र लावणं हा शुद्ध अपव्यय आहे. ते का, हे तिसऱ्या पायरीतल्या हिशोबात दिसेल.

२. पीएच मोजा, आणि नीट मोजा

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप: आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट. पुढचे सगळे निर्णय एका आकड्यावर ठरतात: ४.६. पीएच याच्या वर असेल तर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, बीजाणूतून बाहेर येऊन वाढू शकतो आणि विष तयार करू शकतो. खाली असेल तर त्याचा बीजाणू जिवंत राहील, पण उगवणार नाही. कोकमाचं आगळ, लिंबू, आवळा, कैरीचं पन्हं हे चांगले खाली असतात. उसाचा रस आणि शहाळ्याचं पाणी साधारण ५ ते ५.५ च्या आसपास, म्हणजे वर.

सोलकढी मध्येच अडकते. नारळाचं दूध ६ च्या आसपास असतं आणि त्यात आगळ किती घातलं यावर सगळं ठरतं. हाताच्या अंदाजाने आगळ घातलं तर एक बॅच ४.२ आणि पुढची ४.८ सहज निघू शकते. जिभेला फारसा फरक कळणार नाही, पण धोक्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

पीएचच्या कागदी पट्ट्या कोकमाला चालत नाहीत, कारण पट्टीच्या रंगावर कोकमाचा रंग चढतो. प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं आहेत, तिथून बऱ्यापैकी पीएच मीटर आणि ४ व ७ चे बफर, म्हणजे पीएच ठरलेली द्रावणं, घ्या. रोज काम सुरू करताना दोन्ही बफरवर मीटर जुळवा. सॅम्पल खोलीच्या तापमानाला आणा, कारण फ्रिजमधून काढून लगेच बुडवलं तर आकडा स्थिरावत नाही. सोलकढीतली चरबी इलेक्ट्रोडच्या काचेवर पातळ थर धरते आणि मग मीटर हळू चालतं, चुकीचंही दाखवतं. दर वाचनानंतर इलेक्ट्रोड सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा, टिश्यूने टिपा, घासू नका. आणि एक वाचन बनवल्याबरोबर, दुसरं २४ तासांनी घ्या. आंबटपणा सगळ्या भागांत मुरायला वेळ लागतो, त्यामुळे दुसरा आकडाच खरा धरायचा.

पदार्थ ४.६ च्या खाली सुरक्षित अंतरावर बसवता येत असेल तर आधी तेच करा. मी ४.२ ही स्वतःची मर्यादा ठेवायला सांगतो, म्हणजे एखादी बॅच थोडी घसरली तरी सीमेच्या अलीकडेच राहते. आगळ वाढवून चव बिघडत असेल तर सोलकढी ताजी विका, त्याच दिवशी. तेही प्रामाणिक उत्तर आहे.

आंबट पेयांना वेगळा पाहुणा भेटतो: ॲलिसायक्लोबॅसिलस. आम्लात वाढणारा आणि बीजाणू करणारा हा जिवाणू १९८०च्या दशकात जर्मनीत सफरचंदाच्या रसातून पुढे आला. माणसाला आजारी पाडत नाही, गॅस करत नाही, त्यामुळे बाटली फुगत नाही. फक्त ग्वायाकॉल नावाचं द्रव्य तयार करतो आणि रसाला दवाखान्यासारखा वास येतो. ‘बाटली ठीक दिसत होती, पण औषधासारखी लागली’ अशी तक्रार उन्हाळ्यात आली तर आधी याचाच संशय घ्या.

३. मारायचं, काढायचं की उगवू द्यायचं नाही?

बीजाणूंशी वागण्याच्या तीन रीती आहेत: त्यांना मारणं, गाळून काढणं किंवा सुप्त ठेवणं. मध हे तिसऱ्या रीतीचं उत्तम उदाहरण. मधात मुक्त पाणी इतकं कमी असतं की बीजाणू उगवत नाहीत, पण ते आत असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना जम बसवता येत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते उगवू शकतात. म्हणूनच आपल्याकडची बाळाला मध चाटवण्याची प्रथा थांबवायला हवी. सुप्त म्हणजे मेलेले नव्हेत, हे यावरून कायमचं लक्षात ठेवा.

आता हिशोब. समजा २०० मिलिलिटरच्या ५००० बाटल्यांची बॅच आहे, म्हणजे १००० लिटर. दर मिलिलिटरला फक्त एक बीजाणू असेल तर बॅचमध्ये दहा लाख झाले. यंत्राने ‘३ लॉग’ घट केली, म्हणजे हजारातला एक उरला, तर बॅचमध्ये हजार बीजाणू राहतात: साधारण दर पाचव्या बाटलीत एक. ‘६ लॉग’ केली तर अख्ख्या बॅचमध्ये सरासरी एक. कच्चा माल नीट धुऊन सुरुवातीचा आकडा दहापट खाली आणला तर तुम्ही एक लॉग जवळजवळ फुकट कमावला. ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ हे वाक्य पत्रकावर दिसलं की हा हिशोब काढा, आणि विचारा: कोणते जंतू?

४. गाळणं: नितळ द्रवासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग

न तापवता बीजाणू घालवायचे आणि द्रव पारदर्शक असेल तर ०.२२ मायक्रॉनची मेम्ब्रेन, म्हणजे अगदी बारीक छिद्रांचा पडदा, ही माझी पहिली पसंती. औषध कारखान्यांत उष्णता न सोसणारी इंजेक्शनं आणि डोळ्यांचे थेंब याच रीतीने निर्जंतुक होतात. अशा मेम्ब्रेनची परीक्षा ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्यूटा या अगदी बारीक जिवाणूवर घेतात: दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी जिवाणू सोडले तरी पलीकडचा द्रव निर्जंतुक निघाला पाहिजे. बीजाणू त्याहून जाड असतात, त्यामुळे तेही अडतात.

शहाळ्याच्या पाण्याला हे जमतं, पण थेट नाही. आधी कापडी किंवा जाळीची गाळणी, मग ५ मायक्रॉन, मग १ किंवा ०.४५, आणि शेवटी ०.२२. मधली पायरी वगळली तर शेवटची महागडी मेम्ब्रेन काही मिनिटांत तुंबते. उसाचा रस निवळल्याशिवाय यातून जात नाही. सोलकढी जाणारच नाही, कारण चरबीचे थेंब अडकतील आणि जे खाली येईल ते सोलकढी नसेल.

मेम्ब्रेन शाबूत आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बबल पॉइंट चाचणी असते, ती शिकून घ्याच. फिल्टर पाण्याने पूर्ण भिजवा, बाहेरच्या बाजूची नळी पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि आतल्या बाजूने हवेचा दाब हळूहळू वाढवा. सुरुवातीला ग्लासात एखाददुसरा बुडबुडा दिसेल, ती नळीतली हवा. एका ठरावीक दाबाला छिद्रांतलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि बुडबुड्यांची सलग धार लागते. पाण्याने भिजणाऱ्या ०.२२ च्या अनेक मेम्ब्रेनसाठी हा दाब साडेतीन बारच्या आसपास असतो. नेमका आकडा उत्पादकाच्या प्रमाणपत्रावर छापलेला असतो. तुमची धार त्याहून बऱ्याच कमी दाबाला सुरू झाली तर मेम्ब्रेन फाटली आहे किंवा सील बसलेलं नाही. चाचणी बॅचच्या आधी करा आणि नंतरही करा. नंतरची नापास झाली तर ती बॅच विकायची नाही.

गाळण्याला दोन मर्यादा आहेत. आधीच तयार झालेलं विष आणि विषाणू यातून पार होतात, म्हणजे शिळा माल गाळून ताजा होत नाही. शिवाय विकरं, म्हणजे एन्झाइम, पार होतात. शहाळ्याचं पाणी निर्जंतुक असूनही काही दिवसांत गुलाबी होतं ते त्यांच्यामुळे. बिघाड नसला तरी गिऱ्हाईक घाबरतं, तेव्हा थंड साखळी आणि हवा कमी लागेल अशी भरणी दोन्ही हवीत.

दुग्धव्यवसायात आणखी दोन रूपं दिसतात. साय काढलेलं दूध १.४ मायक्रॉनच्या सिरॅमिक मेम्ब्रेनमधून गाळतात. आणि बॅक्टोफ्यूज नावाच्या वेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये बीजाणू दुधापेक्षा जड असल्याने वेगळे पडतात. चीज पुढे फुगून फाटू नये म्हणून हे करतात. दोन्हींत बीजाणू कमी होतात, दूध निर्जंतुक होत नाही.

५. दाब, प्रकाश, वीज: विकणाऱ्याला काय विचारायचं

उच्च दाब, म्हणजे एचपीपी. बाटलीबंद रस पाण्यात ठेवून ४०० ते ६०० मेगापास्कल दाब देतात. साधे जिवाणू, यीस्ट, बुरशी मरतात आणि चव ताजी राहते. थंड रसांसाठी तंत्र खरोखर उत्तम आहे. पण खोलीच्या तापमानाला बीजाणू १००० मेगापास्कललाही तग धरू शकतात. ते मारायचे तर दाबाच्या जोडीला ९० अंशांहून अधिक तापमान लागतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २००९ मध्ये अशी दाब-अधिक-उष्णता प्रक्रिया कुस्करलेल्या बटाट्यासाठी मान्य केली. म्हणजे उष्णता सुटली नाहीच. यंत्र कोट्यवधींचं असतं, काचेची बाटली चालत नाही, आणि पदार्थ आंबट व थंड दोन्ही ठेवावा लागतो.

अतिनील प्रकाश, म्हणजे यूव्ही. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश डीएनए बिघडवतो. बीजाणूही मरतात, मात्र साध्या जिवाणूंपेक्षा कितीतरी जास्त मात्रा लागते. पाण्यासाठी हे उत्तम. उसाच्या रसात मात्र यूव्ही म्हणजे दाट धुक्यात टॉर्च: पहिल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्येच बहुतेक प्रकाश शोषला जातो. रस पातळ थरात आणि जोरात घुसळत नेला तरच काही होतं. अमेरिकेने २००० मध्ये रसासाठी यूव्हीला परवानगी दिली, ती प्रवाह खळबळता असण्याच्या अटीवर. पाण्याच्या फिल्टरमधला यूव्ही दिवा रसाच्या नळीवर बसवून देणारे भेटतील. त्यांना तुमच्याच रसातल्या बीजाणूंचे आधीचे आणि नंतरचे आकडे मागा.

स्पंदित विद्युतक्षेत्र, म्हणजे पीईएफ. पेशीच्या पटलाला भोकं पाडतं. बीजाणूचं पटल कवचाखाली सुरक्षित असतं, त्यामुळे या कामासाठी उपयोग नाही. नुसत्या अल्ट्रासाउंडचंही तेच.

६. गॅमा किरणं

मुंबईकरांना हे तंत्र जवळचं आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड प्रकल्प १९७४ मध्ये सुरू झाला, वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्यासाठी. वाशीला ‘ब्रिट’च्या, म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाच्या, प्रकल्पात मसाल्यांवर विकिरण होतं. कोबाल्ट-६० मधून निघणारी किरणं बंद खोक्यातून आरपार जातात आणि बीजाणू खरोखर मारतात. वैद्यकीय साहित्यासाठी २५ किलोग्रे (किलोग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) ही रूढ मात्रा आहे. जखमेवर लावायचा वैद्यकीय मधही अशाच विकिरणाने बीजाणूमुक्त करतात, कारण तापवला तर त्यातली विकरं जातात.

पेयांसाठी मात्र मी हा मार्ग सुचवत नाही. पाणी भरपूर असलेल्या द्रवात किरणांमुळे पाण्याचेच अतिक्रियाशील तुकडे होतात आणि ते चव, वास, रंग बिघडवतात. बोट्युलिनमची पूर्ण हमी हवी तर मात्रा ४० किलोग्रेच्या पुढे जाते. अन्नाचं विकिरण परवानाधारक केंद्रातच, ठरवून दिलेल्या पदार्थवर्गांसाठी आणि मात्रेत होऊ शकतं, हेही ध्यानात ठेवा.

७. रसायनं: कुठे चालतात, कुठे नाही

सोडियम बेंझोएट आणि सल्फाइट सरबतात वापरतात, ती यीस्ट-बुरशीची वाढ रोखण्यासाठी. बीजाणू त्यांनी मरत नाहीत. बेंझोएट आंबट पेयातच काम करतं, आणि आवळ्यासारख्या ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असलेल्या रसात घातलं तर अंशतः बेंझिन तयार होऊ शकतं, म्हणून आवळ्यात ते टाळलेलं बरं.

नायसिन जास्त उपयोगी. लॅक्टोकॉकस जिवाणूंपासून मिळणारं हे प्रथिन बीजाणू उगवू लागताच त्याला गाठतं. यीस्ट-बुरशीवर चालत नाही, आणि चरबीला चिकटून वाया जातं, त्यामुळे नारळाच्या दुधात त्याचा जोर कमी पडतो. कोणत्या पदार्थात किती परवानगी आहे, ते एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, चालू यादीत पदार्थाच्या नावाने पाहा.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि परॲसेटिक ॲसिड खरोखर बीजाणू मारतात, पण ते रिकाम्या बाटलीसाठी. पेयात घालायचे नाहीत. इथिलीन ऑक्साइड वायू कोरड्या वैद्यकीय साहित्यासाठी असतो. द्रवात तो पाण्याशीच प्रक्रिया करून इथिलीन ग्लायकॉल बनवतो, तेव्हा तो विषय बंद.

न पिण्याच्या द्रवात मात्र पेरॉक्साइड फार सुबक काम करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हात-निर्जंतुकाच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. हे पेरॉक्साइड हातांसाठी नाहीच. अल्कोहोल बीजाणू मारत नाही, म्हणून द्रवात किंवा बाटलीत आलेले बीजाणू संपवायला ते घालतात आणि भरलेल्या बाटल्या ७२ तास बाजूला ठेवतात. सॅनिटायझर बनवणाऱ्या बचत गटांनी हे तीन दिवस कधीच कमी करू नयेत.

८. बाटली, बूच आणि हात

परळच्या प्लेग प्रयोगशाळेने, आजच्या हाफकिन संस्थेने, हा धडा फार महागात घेतला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात तिथून गेलेल्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. धनुर्वाताचा जिवाणूही बीजाणू करणारा, क्लॉस्ट्रिडियम. वाल्डेमार हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक ॲसिड घालणं सोडून उष्णतेवर भर दिला होता, आणि सुरुवातीला सारा ठपका त्यावरच आला. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असं निष्पन्न झालं. प्रक्रिया परळला नीट झाली होती. माती बाटलीत शिरली ती शेवटच्या क्षणी.

तुमच्याही बाबतीत हेच होऊ शकतं. फिल्टरनंतरची प्रत्येक गोष्ट, म्हणजे नळी, टाकी, नोझल, बाटली, बूच, आधी निर्जंतुक हवी. स्टीलची नळी वाफेने निर्जंतुक करायला काहीच हरकत नाही, उष्णता टाळायची ती पेयाला. भरणी हेपा फिल्टरच्या, म्हणजे बारीक कण गाळलेल्या, हवेखाली करा. पावसाळ्यात गाळ्याच्या भिंतींवर बुरशी चढते, तेव्हा भरणीची खोली वेगळी आणि कोरडी लागते. बुचांकडे सर्वांत कमी लक्ष जातं: गोणीतून ओंजळीने काढलेली बुचं सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात.

९. तपासून घ्या

प्रयोगशाळेला नुसता ‘टोटल काउंट’ सांगू नका, स्पोअर काउंट मागा, हवेत वाढणाऱ्यांचा आणि हवेविना वाढणाऱ्यांचा वेगवेगळा. सॅम्पल ८० अंशांवर १० मिनिटं ठेवून साधे जिवाणू मारतात, झटकन थंड करतात आणि उरलेलं आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर, वाढवतात. १० मिनिटं मोजायची ती नळीच्या आतला द्रव ८० ला पोचल्यापासून. त्यासाठी शेजारी तेवढ्याच द्रवाची, थर्मामीटर घातलेली दुसरी नळी असते. आंबट रसासाठी ॲलिसायक्लोबॅसिलसची चाचणी वेगळी सांगावी लागते, कारण त्याला आंबट आगर आणि ४५ अंशांच्या आसपासची ऊब लागते. नेहमीच्या प्लेटवर तो दिसतच नाही.

पीएच ४.६ च्या वरचं पेय नुसत्या फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका. २००६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात गाजराच्या रसातून बोट्युलिझम झाला, तो रस पाश्चराइझ केलेला आणि थंड ठेवायचा होता. थंडी सुटली आणि बीजाणू उगवले. टेम्पो उन्हात अडकणं आणि दुकानदाराने रात्री फ्रिज बंद करणं मुंबईत रोजचं आहे. बोट्युलिनमचा एक प्रकार तर ३ अंशांनाही वाढतो. म्हणून दर बॅचच्या काही बाटल्या ३७ अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि नंतर पीएच, वास, गॅस व काउंट तपासा. संशयित बाटली चाखून पाहायची नाही.

नव्या तंत्राने प्रक्रिया केलेल्या पदार्थाला एफएसएसएआयची आधी मंजुरी लागू शकते, त्याचे नियम २०१७ चे आहेत. यंत्राची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात याची चौकशी करा. प्रक्रियेसाठी माटुंग्याच्या आयसीटीमधल्या (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अन्न अभियांत्रिकी विभागासारख्या ठिकाणच्या जाणकाराचा सल्ला घ्या. भेटीला जाताना किमान दहा बॅचच्या पीएचची वही, प्रक्रियेआधीचे आणि नंतरचे स्पोअर काउंट, बॅच किती लिटरची, बाटली-बूच कोणतं आणि माल विकण्याच्या ठिकाणी प्रत्यक्ष मोजलेलं फ्रिजचं तापमान, एवढं बरोबर न्या.